पाणपक्ष्यांच्या फोटोंसाठी जमिनीतली लपण : आधी पाण्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला लागून शेत आहे, हिवाळ्यात बदकं आणि रोहित अगदी बांधापर्यंत येतात, आणि फोटो काढायला येणाऱ्यांसाठी जमिनीत अर्धी गाडलेली लपण, म्हणजे पक्ष्यांना न दिसता बसायची छोटी खोली, बांधायची आहे. अमेरिकेतल्या भातखाचरात पुरलेल्या लोखंडी पेटीचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात. तशीच आठ बाय पाच फुटांची, चार फूट उंच पेटी फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी का, आणि ती किती खोल पुरावी, हे तुम्हाला हवंय.

खोली इंचात सांगतो, पण जरा पुढे. मी आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची, कामं करतो: टाक्या, हौद, शेततळ्याची कामं. पक्ष्यांच्या फोटोंचा नाद असल्यामुळे लपणी बांधण्याचं कामही गळ्यात पडत गेलं. त्या अनुभवावरून सांगतो, माणसं पैसे घालवतात ती खोली चुकल्यामुळे फारशी नाही. जमिनीखालचं पाणी कुठवर चढतं हे न पाहता खड्डा घेतात, तिथे घालवतात. पक्षी बुजतील का ही सगळ्यांची पहिली काळजी असते. पण रोज एकाच जागी, एकाच आकारात दिसणाऱ्या गोष्टीला पक्षी थोड्या दिवसांत सरावतात. पाण्याचा प्रश्न मात्र दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो.

आधी त्या व्हिडिओबद्दल. अर्कान्सास राज्यात स्टटगार्टच्या आसपास भाताची मोठी शेती आहे. कापणीनंतर तिथली खाचरं मुद्दाम पाण्याने भरतात, उत्तरेकडून आलेली बदकं सांडलेलं भात खायला उतरतात आणि पेटीत बसलेले शिकारी झाकण सरकवून उठून बार टाकतात. तिथे ते परवान्याने चालतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या, ती पुढे लागेल. शिकाऱ्याला उभं राहावं लागतं म्हणून त्याची पेटी वरून उघडी. फोटो काढणारा चार तास बसून असतो, त्यामुळे आपल्याला पक्कं छप्पर घालता येतं आणि वरून पडणाऱ्या पावसाचा प्रश्न तिथेच मिटतो. तिथल्या जमिनीत वरच्या मातीखाली चिकणमातीचा घट्ट थर असतो, खाचरात पाणी कधी सोडायचं आणि कधी काढायचं हे शेतकऱ्याच्या हातात असतं. तुमच्याकडे पाणी धरणाच्या मर्जीने चढतं-उतरतं आणि माती काळी आहे. म्हणून पेटी जशीच्या तशी उचलू नका. त्यांच्या दोन गोष्टी मात्र जरूर उचला: तळाला बाहेर काढलेली कड, आणि हंगाम संपला की पेटी पाण्याने भरून ठेवणं. दोन्हींचं कारण खाली येईल.

आता जागा. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचा जलाशय, यशवंतसागर, भरतो तो मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून सोडलेल्या पाण्यावर. तुमच्या शिवारात थेंब नसतानाही फुगवटा चार-सहा दिवसांत कित्येक फूट चढू शकतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. उलट जानेवारीनंतर पाणी मागे हटू लागतं आणि मार्चपर्यंत काठ कुठल्या कुठे जातो. पक्षी त्या काठाबरोबर सरकतात. आजचा काठ पाहून लपणीची जागा ठरवली, तर पावसाळ्यात ती बुडेल आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती कोरड्या रानात उभी असेल.

मोकळी झालेली गाळपेर जमीन यासाठी वापरायचा मोह होतो. तो टाळा. ती जमीन जलसंपदा विभागाची, पेरणीपुरती दिलेली. तिथे पक्कं बांधकाम केलंत तर ते आज ना उद्या काढावं लागणार. लपण स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत, धरणाच्या पूर्ण पातळीच्या रेषेबाहेर आणि उंचीनेही तिच्यावर घ्या. ती रेषा कुठे आहे हे धरणाच्या शाखा कार्यालयातून लेखी घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी नांदूरमध्यमेश्वर किंवा जायकवाडीच्या काठचं असेल, तर तिथे अभयारण्य आहे. खड्ड्याची पहिली कुदळ मारायच्या आधी वन विभागाकडे जायचं.

जागा ठरली की लगेच खणाई नको. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरताना, नेमक्या त्या जागी दोन बाय दोन फुटांचा पाच फूट खोल खड्डा घ्या. भोवती काटे लावा, आत पडलेल्या बेडकाला-सापाला चढून येता यावं म्हणून एक फांदी तिरकी टाका, आणि दिवाळीपर्यंत दर चार दिवसांनी आतल्या पाण्याची पातळी वहीत लिहा. वरचा पाऊस खड्ड्यात जाऊ नये म्हणून पत्र्याचा तुकडा टाकला तर उत्तम. या नोंदीवरून पुढचं सगळं ठरतं. खड्डा कोरडा राहिला तर जमिनीत पेटी घेता येईल. तीन फुटांखाली पाणी दिसलं तर घेता येईल, पण वजन आणि कडेचा हिशेब करून. दीड-दोन फुटांवरच पाणी उभं राहिलं, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की खाली जाऊ नका. त्यासाठी वेगळा मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर फुगवट्याकाठी मला तोच जास्त पटतो.

पाणी पेटीला काय करतं ते आकड्यांत पाहू. रिकामी घागर विहिरीत दाबून धरली तर हाताला जे जाणवतं, तेच पुरलेल्या पेटीचं होतं. आठ बाय पाचची पेटी म्हणजे तळ चाळीस चौरस फूट. तळापासून तीन फूट पाणी बाहेर उभं राहिलं की १२० घनफूट पाणी बाजूला सारलं गेलं. एक घनफूट पाणी सुमारे २८.३ किलो. म्हणजे पेटीला वर ढकलणारा जोर जवळजवळ ३,४०० किलो. तुमची चार मिमी पत्र्याची पेटी, तळ आणि चार भिंती धरून, भरते सव्वाचारशे किलो. अँगल आणि छप्पर धरा, सहाशे होईल. उरलेला पावणेतीन टन जोर कोण पेलणार? भोवतालची भिजलेली माती थोडा वेळ धरून ठेवते, मग पेटी एका कोपऱ्याने वर येते. अशी तिरकी झालेली पेटी मी एका शेतावर पाहिली आहे. ती बाहेर काढायला जेसीबी लागला आणि तोवर पत्रा दुमडला होता.

आरसीसीची पेटी तरंगणार नाही असं लोक गृहीत धरतात. तेही तपासा. त्याच मापाची, तळ आणि भिंती सहा इंच जाडीच्या घेतल्या तर काँक्रीट होतं सुमारे ६२ घनफूट, वजन सव्वाचार टन. पाणी काठोकाठ चढलं तर वर ढकलणारा जोर साडेचार टन. म्हणजे नुसती आरसीसी पेटीसुद्धा सुटू शकते. इथे ती कड कामाला येते. तळाचा स्लॅब चारही बाजूंनी एक फूट बाहेर काढा, म्हणजे तळ दहा बाय सात होतो. त्या कडेवर बसलेली भरावाची माती, भिजल्यावरचं हलकं वजन धरूनही, आणि कडेचं काँक्रीट मिळून पावणेतीन टनांच्या आसपास जास्तीचा दाब देतात. फूटभर जादा खणाई आणि पंधरा घनफूट काँक्रीट, एवढ्यात पेटी जागेवर राहते. लोखंडीच पेटी हवी असेल तर तीही अशाच स्लॅबवर ठेवून स्लॅबच्या सळयांना वेल्ड करावी लागेल. मग लोखंडाचा फायदा फारसा उरत नाही, आणि आपल्याकडच्या ओलीत ते आतून-बाहेरून गंजतं ते वेगळंच. प्लास्टिकची पाण्याची टाकी आडवी पुरण्याची युक्तीही बरेच जण सुचवतात. ती सगळ्यात हलकी, आणि ती टाकी आतून बाहेर येणारा दाब सोसायला बनवलेली असते. बाहेरून मातीने दाबली की ती चेपते.

दुसरा शत्रू काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगताना भिंतींना आत ढकलते, आकसताना सोडून देते, आणि हे दरवर्षी. म्हणून भिंतीला लागून काळी माती परत भरू नका. खड्डा कडेच्या बाहेर आणखी सहा इंच मोठा घ्या आणि सगळीकडून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर धुमसाने ठोकत. तळाखाली नऊ इंच दगडी सोलिंग-मुरूम, त्यावर पीसीसी (बिनसळईच्या काँक्रीटचा थर), मग स्लॅब. वरचा एक फूट मात्र काळ्या मातीचाच थर द्या आणि उतार पेटीपासून लांब काढा, म्हणजे पावसाचं पाणी मुरमात थेट उतरणार नाही.

मुरमाचा एक तोटा आहे तो सांगतो, कारण ठेकेदार सांगत नाहीत. काळ्या मातीत मुरमाचं कडं म्हणजे पेटीभोवती विहीरच. आजूबाजूचं पाणी त्यात येऊन साठतं. हे टाळता येत नाही, पण त्यावर नजर ठेवता येते. भराव करताना मागच्या कोपऱ्यात चार इंची पीव्हीसी पाइप उभा बसवा, खालच्या दोन फुटांत भोकं पाडून त्यावर जाळी गुंडाळा, वर टोपण. हा पाहणी पाइप. त्यात दोरीला दगड बांधून सोडला की बाहेर पाणी किती उभं आहे ते कळतं. पेटीतलं पाणी उपसायच्या आधी हा पाइप बघायचाच. आत पाणी आणि बाहेर पाणी सारखं असलं तर जोर बरोबरीत असतो. तुम्ही आतलं उपसलंत की पेटी सुटायला मोकळी. रिकामी ठेवलेली जमिनीतली टाकी पावसाळ्यात उचलली गेल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, त्यामागे हेच असतं.

म्हणून तळात तीन इंची दोन भोकं ठेवून त्यांना घट्ट बुचं करा. मार्चअखेर पाहुणे थांबले की आतलं सामान काढा, जूनच्या आधी बुचं उघडा आणि पेटीत पाणी येऊ द्या. परत उपसायची घाई नको. २०२० साली ऑक्टोबरच्या मध्यावर इंदापूर, सोलापूर, पंढरपूर भागात जो पाऊस कोसळला तो आठवा. दसरा जवळ आला म्हणून पाऊस संपला असं आपल्याकडे धरता येत नाही. दिवाळीनंतर पाहणी पाइपातलं पाणी तळाच्या खाली गेलं की मग बुचं लावा आणि पेटी साफ करा.

बांधकामातल्या बाकीच्या गोष्टी तुमच्या तालुक्यातला कोणताही चांगला टाकी बांधणारा जाणतो. दोनच जागी डोळ्यात तेल घालून उभे राहा. स्लॅब आणि भिंत यांचा सांधा: स्लॅब ओततानाच भिंतीचा खालचा चार इंच भाग (किकर) एकत्र ओतायचा आणि सांध्यात पाणी अडवणारी पट्टी (वॉटर स्टॉपर) बसवायची, नाहीतर पाणी तिथूनच येणार. आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण (कव्हर): जमिनीला लागणाऱ्या बाजूला दोन इंच हवंच. सळईचं माप तुमची माती पाहून स्थानिक इंजिनिअरकडून घ्या. फुगणाऱ्या मातीत ते इथून छातीठोक सांगणं बरोबर नाही.

आता तो वेगळा मार्ग. फोटोसाठी लेन्स पाण्याच्या पातळीला हवी, एवढीच गरज आहे. माणूस खाली नेऊन ते साधतं, तसं पाणी वर आणूनही साधतं. साठ बाय चाळीस फुटांचं उथळ तळं जमिनीवर उंचावून करा. तळाशी दीड फूट भराव, म्हणजे ३६ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती; शेततळं खणताना निघालेली काळी माती असेल तर तीच घाला, ती पाणी चांगलं धरते. त्यावर सहा ते नऊ इंच पाणी, भोवती पावणेतीन-तीन फुटांचा बांध. लपण दक्षिणेकडच्या बांधात बसवायची. पाणी जमिनीपासून सुमारे सव्वादोन फूट वर आल्यामुळे लपणीची फरशी जमिनीखाली जेमतेम फूटभर जाते, स्लॅब धरून खणाई दीड फूट. जमिनीखालच्या पाण्याचा धोका जवळजवळ संपतो, मागे दोन पायऱ्यांचं दार करता येतं, वयस्क माणसांनाही उतरता येतं. लपणीची पुढची भिंत मात्र बांधाचाच भाग होते, तिथून पाणी झिरपू नये म्हणून भिंतीच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचे पंख बांधात दोन-दोन फूट घुसवा. भराव आणि बांध एक पावसाळा बसू द्या, मगच पाणी धरा. हिवाळ्यात दिवसाला चार-पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर एवढ्या तळ्याला रोज नऊशे ते अकराशे लिटर पाणी घालावं लागेल, पाझर वेगळा. बोअर किंवा उपसा असलेल्या शेताला ते जड नाही. आणि फुगवट्याचा काठ मागे गेला तरी तुमचं पाणी जागेवर असतं, हा याचा सगळ्यात मोठा फायदा.

पैसे अगदी कमी असतील आणि हिवाळ्यात जमिनीखालचं पाणी पाच फुटांच्या खाली राहत असेल, तर सिमेंटच्या मोठ्या गोल रिंगा एकावर एक ठेवून एका माणसाची लपण होते. तळ उघडा ठेवायचा, खाली खडी. पाणी आलं तर आत येतं, तरंगायचा प्रश्नच नाही. एक हंगाम अशी वापरून पाहा आणि मग मोठं काम काढा, हेही शहाणपणाचं ठरेल.

खोलीकडे येतो. साध्या प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक सोळा इंच, बसलेल्या माणसाचा डोळा बैठकीपासून साधारण तीस इंच वर. म्हणजे फरशीपासून डोळा ४५-४६ इंच. लेन्स त्याच्या किंचित खाली. खिडकीचा उंबरा फरशीपासून ४२ इंच घ्या. तो पाण्याच्या पातळीच्या चार इंच वर यायला हवा, नाहीतर वाऱ्याने लाट आत उडते. म्हणून फरशी पाण्याच्या पातळीखाली ३८ इंच. चार फुटी पेटीत सहा इंच स्लॅब गेला की आत बरोबर ४२ इंच उरतात. जमिनीवर चार इंच ठेवून बाकी पुरली की माप जुळतं. खुर्ची कमी-जास्त उंचीची ठेवा, कारण सगळे पाहुणे एका उंचीचे नसतात. खिडकीखाली आडवी फळी हवी, तिच्यावर वाळूची पिशवी. ट्रायपॉड आत अडचण करतो.

दिशेबद्दल माझं मत ठाम आहे: खिडकी उत्तरेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूने फिरतो. डिसेंबरात तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. उत्तरेकडे पाहणाऱ्या लपणीत सकाळचा प्रकाश उजव्या खांद्यावरून आणि संध्याकाळचा डाव्या खांद्यावरून येतो, एकच लपण दोन्ही वेळा चालते. पश्चिमेकडे तोंड केलं तर सकाळ सुरेख मिळते आणि संध्याकाळ वाया जाते. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडचा. बदकं वाऱ्याच्या तोंडाला उतरतात, त्यामुळे ती तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे आडवी येतात, पाय पुढे काढून, पंख उघडून. फोटोसाठी याहून चांगलं काय हवं? तरी तुमच्या शेतात टेकाड, ऊस, झाडं यांनी वारा वळतो. बांधावर एक फडकं बांधून चार दिवस पाहा.

अंतर: ५०० मिमी लेन्सने पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यात दहा मीटरवर पाऊण मीटरपेक्षा किंचित कमी रुंदीची चौकट मिळते. तलवार बदक त्यात भरून बसतं, चक्रांगासारखं छोटं बदक आरामात मावतं. म्हणून तळ्याचा उथळ भाग, बसायचा ओंडका, चिखलाचा कंगोरा हे सगळं आठ ते पंधरा मीटरमध्ये ठेवा. खोलीही सारखी नको. एका बाजूला दोन-तीन इंचच पाणी आणि उघडा चिखल राहू द्या, शेकाटे, तुतवार, चिखले तिथे येतात. थापट्या आणि भुवई बदकाला सहा-नऊ इंच आवडतं. चित्रबलाक दोन्हीकडे फिरतो. रोहित एवढ्या छोट्या तळ्यात उतरतील असं पाहुण्यांना सांगू नका. त्यांना मोठं उघडं पाणी आणि पळत सुटायला जागा लागते.

लपणीच्या बाहेरून पालापाचोळा किती लावला याला लोक फार महत्त्व देतात. बाहेरचा आकार ठेंगणा ठेवा, छप्पर उंबऱ्यापासून फूट-सव्वा फुटाहून वर नको, वर मातीचा पातळ थर आणि स्थानिक गवत. उसाचं पाचट सहज मिळतं पण पटकन पेटतं, त्यात उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतात. बेशरमाच्या वाळक्या काड्या टिकतात. ओल्या मात्र लावू नका, पाण्याकाठी ती लगेच मुळं धरते. खरं काम आतल्या अंधाराचं आहे. बदकांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यांना जवळजवळ चौफेर दिसतं आणि हालचाल तर फारच लवकर दिसते. मागची भिंत काळी, दारावर जाड काळा पडदा, आत एकही फट प्रकाश सोडणारी नको. पाठीमागून उजेड आला की माणसाची सावली खिडकीत हलते आणि अख्खा थवा उठतो. काँक्रीटमध्ये आवाजही घुमतो. भिंतींना गोणपाट, खाली काथ्याची चटई.

खिडकीला जाळी लावायची की एका बाजूने दिसणारी काच, हे पाहुण्यांवर अवलंबून. हंगेरीच्या बेन्से माटे यांच्या लपणींमुळे ती काच जगभर गाजली. आत माणूस हलला तरी पक्ष्याला दिसत नाही, म्हणून नवख्यांसाठी ती उत्तम. पण ती साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश खाते आणि लेन्स तिरकी धरली की फोटो मऊ येतो. पहाटेच्या उजेडात काम करणारे जाणकार जाळीच मागतात. आठ फुटांच्या खिडकीत अर्धी काच, अर्धी जाळी ठेवता येते. आत जायचं ते उजाडण्याआधी, आणि मागच्या बाजूने पाच फूट उंच कुड किंवा गवताची ओळ घालून. पक्ष्यांनी माणूस आत शिरताना पाहिला तर बाकीची सगळी मेहनत त्या सकाळपुरती फुकट.

सुरक्षेच्या गोष्टी पाहुण्यांना माहीत नसतात, त्या तुमच्यावर आहेत. जमिनीतल्या गार, अंधाऱ्या खोलीत घोणस, नाग, विंचू येणारच. दर वेळी आधी बॅटरी मारून, काठीने खुर्च्या हलवून मगच माणूस आत. पावसाळाभर पाणी साठलेली पेटी उपसल्यावर तळाचा गाळ कुजलेला असतो. दार-खिडकी उघडी ठेवून दोन दिवस हवा जाऊ द्या, एकट्याने आत उतरू नका. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन पेटीत उतरवून कधीही चालवू नका, त्याच्या धुराने आतला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. इलेक्ट्रिक पंप असेल तर ईएलसीबीवर, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचवर. छपरावर म्हैस चढेल असं धरूनच छप्पर बांधा आणि तरी भोवती तार ओढा.

आता सुरुवातीला म्हटलेली अंड्यांची गोष्ट. जमिनीखालचं पाणी सगळ्यात खाली असतं ते एप्रिल-मेमध्ये, खणाईला तोच काळ सोयीचा. पण टिटवी, शेकाटे आणि चिखले याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ती ढेकळांत दिसत नाहीत. जेसीबी आत घालण्याआधी ती जागा दोन जणांनी पायी, सावकाश पाहा. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत असेल तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत असं समजून काम थांबवा. पिल्लं निघून गेली की करा. तेवढ्या दिवसांनी काही बिघडत नाही.

धान्य टाकून पक्षी ओढायचे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिलाच पाहुणा विचारेल. माझं उत्तर नाही असं आहे. उथळ, कोमट पाण्यात धान्य कुजतं, पक्ष्यांची दाटी होते आणि रोग पसरायला तेवढं पुरतं. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर बोट्युलिझम या विषबाधेने १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. तिथली कारणं मोठ्या सरोवराची होती, पण तो विष तयार करणारा जिवाणू कुजणाऱ्या मांसात वाढतो आणि त्यावरच्या अळ्यांत ते विष साठतं, हे छोट्या तळ्यालाही लागू आहे. मेलेला पक्षी किंवा मासा दिसला की हातमोजे घालून त्याच दिवशी काढा, आणि लागोपाठ दोन-तीन पक्षी मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वन विभागाला कळवा. तळ्याला दर हंगामाअखेर पूर्ण वाळू द्या, नांगर फिरवा, पुढच्या ऑक्टोबरात पाणी सोडा. भिजलेल्या जमिनीतले किडे आणि गवताचं बी हेच त्यांचं खरं खाणं आहे, आणि त्यावर येणारा पक्षी मोकळेपणाने वागतो.

तर सध्या पेटीची ऑर्डर देऊ नका. शाखा कार्यालयातून पूर्ण पातळीची रेषा घ्या, सप्टेंबरात चाचणीचा खड्डा घ्या. दिवाळीला त्यातल्या पाण्याच्या नोंदी, उंचवट्याला किती ब्रास माती शेतातच मिळेल, आणि पश्चिमेला ऊस किंवा झाडं आहेत का, एवढं लिहून पाठवा. त्यावरून तुमच्या शेतासाठी कड किती काढायची, की तळंच वर उचलायचं, ते मापांसकट सांगतो.